घड्याळ कुणी नेलं होतं

आमच्या शाळेच्या भिंतीवर एक चित्र रंगवलेलं आहे. दोन वेण्या घातलेली मुलगी, तिच्यासमोर रेडिओ, हातात घड्याळ. चित्रकाराने रेडिओ नको तेवढा मोठा काढलाय आणि घड्याळ चक्क गजराचं, वर दोन घंट्या असलेलं. ते सोडा. खाली तमिळमध्ये लिहिलंय की आपल्या शाळेच्या या विद्यार्थिनीने शाळेचं घड्याळ चुकीचं आहे हे लहान वयात शोधून काढलं आणि पुढे ती जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाली. नव्या मुली त्या चित्रापाशी उभ्या राहून फोटो काढून घेतात.

ती गोष्ट मी सांगितली होती. गोष्ट घडली होती, अगदी तशीच. पण त्या मुलीच्या हातून नाही.

तंजावुरात मी पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. शिकवलं म्हणजे फळ्यावर उतरवलं आणि मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. निकाल चांगला लागायचा. पालक खूश, हेडमास्तरीणबाई खूश, मीही खूश. मी कडक म्हणून प्रसिद्ध होतो आणि ती प्रसिद्धी मला आवडायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

शेवटच्या वर्षाला साध्या लंबकाचा प्रयोग असे. दोऱ्याला पितळी गोळा टांगायचा, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते प्रयोगशाळेतल्या खटका दाबून चालू-बंद करायच्या घड्याळावर मोजायचं आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. तो आकडा पुस्तकात आधीच छापलेला असतो: नऊ पूर्णांक आठ. आता उत्तर ठाऊक असताना मोजायचे कष्ट कोण घेणार? आमच्या शाळेत पद्धत अशी होती की रेकॉर्डच्या वहीत आधी शेवटच्या ओळीत नऊ पूर्णांक आठ लिहायचं. मग पेन्सिलीने उलटा हिशेब करत वर जायचं आणि वेळेच्या रकान्यात बसतील तेवढे सेकंद भरायचे. सगळं जुळलं की वरून पेन फिरवायचं. गोळा बिचारा हलत राहायचा, त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. ही पद्धत मी शोधलेली नव्हती, माझ्या मास्तरांकडून माझ्याकडे आली होती. मीही ती पुढच्यांना दिली.

त्या वर्षी एका टेबलावर दोघी मुली होत्या. एक कालव्याकाठच्या एका गावातून रोज बसने यायची. तमिळ घरातली, वडील भातगिरणीत कामाला. शांत पोरगी. अक्षर मोत्यासारखं, फळ्यावर मी चुकून टिंब दिलं तर तेही वहीत उतरवणारी. हीच पुढे शास्त्रज्ञ झाली. नद्यांच्या मुखाशी जमीन दरवर्षी किती खचते हे ती मोजते म्हणे, आणि त्यासाठी तिला साऱ्या जगात बोलावतात.

दुसरी माझी पुतणी, माझ्या थोरल्या भावाची मुलगी.

आमची घरं राजवाड्यामागच्या गल्लीत, एकमेकांना लागून. इथे आमची मराठी घरं मोजकीच, त्यामुळे कोण कुणाचा कोण हे साऱ्या गावाला ठाऊक. आपल्या माणसाला आपण झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, याची मला भारी धास्ती. म्हणून ती घरी मला काका म्हणायची आणि शाळेच्या फाटकातून आत शिरली की इतरांसारखं ‘सार’. मी तिला इतरांपेक्षा एखादा गुण कमीच द्यायचो आणि तसं तिला घरी सांगायचोसुद्धा. ती हसायची. मला वाटायचं, किती सरळ माणूस मी.

लंबकाच्या दिवशी ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

“सार, साडेदहा येतं.”

“पुन्हा कर.”

तिने पुन्हा केलं. साडेदहा. तिसऱ्यांदा केलं. पुन्हा साडेदहाच्याच आसपास. मग म्हणाली, “सार, दोरा तीनदां मोजला. घड्याळ मागं पडत असेल.”

“हे घड्याळ माझ्याही आधीपासून या शाळेत आहे,” मी म्हणालो. “ते चुकलं आणि तू बरोबर?”

वर्ग हसला. वर्ग हसावा म्हणूनच मी ते बोललो होतो. तिच्या जोडीदारणीने तोवर नऊ पूर्णांक आठ लिहून, खाली दुहेरी रेघ मारून माझी सहीसुद्धा घेतली होती. दोघींचा लंबक एकच, घड्याळ एकच.

त्या शुक्रवारी कपाटाला कुलूप लावताना पाहिलं तर ते घड्याळ जागेवर नाही. शनिवार-रविवार माझे कसे गेले ते विचारू नका. प्रयोगशाळेच्या सामानाला जबाबदार मी. सोमवारी पहिल्या तासाला पुतणी उभी राहिली, डब्याच्या फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ तिने माझ्या टेबलावर ठेवलं आणि सोबत एक कागद. रेडिओवरच्या एका बातमीपत्राच्या टोलापासून तासाभरानंतरच्या टोलापर्यंत तिने घड्याळ चालू ठेवलं होतं. तासाला अठ्ठावन्न मिनिटं. चार वेळा करून पाहिलं होतं, चारही वेळा अठ्ठावन्नच. कागदावर रकाने आखले होते, शेवटी मागे पडण्याचा वेळ धरून लंबकाचं उत्तर पुन्हा काढलं होतं. ते नऊ पूर्णांक आठ आलं होतं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत आमच्या प्रयोगशाळेत खऱ्या मार्गाने आलेलं ते एकमेव नऊ पूर्णांक आठ.

ती हसत होती. आता मी तिला शाबासकी देणार, असं तिला वाटत होतं. ते हसू मला विसरता येत नाही आणि विसरावं अशी माझी लायकीही नाही.

“कुणाला विचारून नेलंस?” मी विचारलं. मग मी तिला वर्गासमोर ‘तिरुडी’ म्हणालो. मराठीत ‘चोर’ म्हणालो असतो तर ते तिच्यामाझ्यात राहिलं असतं. मी तमिळमध्ये म्हणालो, सगळ्यांना कळावं म्हणून.

तिला तासभर व्हरांड्यात उभं केलं. तिने रेकॉर्डमधला साडेदहाचा आकडा बदलला नाही आणि मी सही केली नाही. वहीवर मास्तरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, तेव्हा शेवटच्या दिवशी सही करावीच लागली. केली, आणि गुण देता येतील तितके कमी दिले. तिला भौतिकशास्त्राच्या पदवीला जायचं होतं. थोडक्यात प्रवेश हुकला. तेवढे गुण माझ्या हातात होते. मग ती कॉमर्सला गेली, टायपिंग शिकली, सरकारी कार्यालयात लागली. अजून तिथेच आहे.

अण्णा, माझा भाऊ, पुतणी ज्याला अप्पा म्हणायची तो, एकदा संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, “पोरीनं चूक केली असेल. पण तुज इतकं कां करायला हवं होतं रे?”

“माझी पुतणी म्हणून झाकून टाकूं?” मी ताडकन म्हणालो. तो उठला, धोतर झटकलं आणि गेला. त्यानंतर सणावारी यायचा, जेवायचा, पण तो विषय त्याने काढला नाही आणि मीही काढू दिला नाही.

पुढे ते घड्याळ दुरुस्तीला गेलं. घड्याळजी म्हणाला, “सार, हे तासाला दोन मिनिटं मागे पडतंय, बरेच दिवस पडत असणार.” मी ते दुरुस्त करून आणलं, कपाटात ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मग कितीतरी वर्षांनी त्या शांत मुलीला परदेशात मोठा मान मिळाला आणि एक तरुण पत्रकार माझा पत्ता शोधत आली. “सार, त्यांच्या शाळेतल्या दिवसांची एखादी खास आठवण?” मी आठवायला लागलो. काहीच आठवेना. मोत्यासारखं अक्षर आठवलं, बसचा पास आठवला. पत्रकार पेन उघडून बसलेली. आपण एवढ्या मोठ्या बाईंचे मास्तर आणि आपल्याकडे सांगायला काही नाही, याची मला लाज वाटली. माझ्याजवळ आयुष्यभरात एकच चांगली गोष्ट होती. ती मी देऊन टाकली. शेवटही बदलला. वर्गासमोर मी तिची पाठ थोपटली, असं सांगितलं.

पेपरात फोटोसकट आलं. पुतणीच तो पेपर घेऊन आली. वाचून झाल्यावर तिने घडी घातली आणि म्हणाली, “काका, फोटो बरा आलाय.” एवढंच. माझी बायको गेल्यापासून बँक, बाजार, दवाखाना, माझं सगळं तीच बघते. तिचा नवरा, तिची मुलं, तिची नोकरी, आणि त्यात मी. मी वाट पाहिली की ती काही बोलेल, भांडेल. भांडली असती तर मी रागावलो असतो आणि सुटलो असतो. ती स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी कॉफी करायला लागली.

त्या पेपरातून गोष्ट शाळेच्या भाषणांत गेली, तिथून भिंतीवर. आणि यंदा शास्त्रज्ञबाई स्वतः सत्काराला येणार असं ठरलं.

पुतणीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझी नेसायची वेष्टी इस्त्री केली, मला स्कूटीवर मागे बसवून शाळेत नेलं, हाताला धरून मंचाच्या पायऱ्या चढवल्या आणि खाली तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. त्याच व्हरांड्यासमोर मांडव घातला होता. मला आधी बोलायला सांगितलं. मी ठरवून गेलो होतो की आज घड्याळाचं नाव काढायचं नाही. पण सूत्रसंचालक बाईच म्हणाल्या, “सार, ती गोष्ट!” आणि पोरींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी सांगितली. फडकं, रेडिओ, अठ्ठावन्न मिनिटं, शाबासकी. इतक्यांदा सांगितल्यामुळे आता ती तोंडात बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिसऱ्या रांगेतूनही वाजल्या. तेव्हा पुतणीचा चेहरा कसा होता विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी माइककडे बघत होतो.

कार्यक्रम संपल्यावर शास्त्रज्ञबाई माझ्या पाया पडायला वाकल्या. उठताना माझ्या कानाशी येऊन हलक्या आवाजात, तमिळमध्ये म्हणाल्या, “सार, ते घड्याळ मी नेलं नव्हतं. मी तर नऊ पूर्णांक आठ लिहून मोकळी झाले होते. तुम्ही तिला बोललात तेव्हा मी शेजारीच उभी होते, माझंही उत्तर तेवढंच खोटं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं ते मनात आहे. आज सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडणं मला जमलं नाही. ती कुठे असते, सार? मला तिला भेटायचंय.”

बाईंनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. फक्त बोट दाखवायचं होतं. फाटकापाशी पुतणी स्कूटी काढून उभी होती, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, माझी वाट पाहत. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

“अय्यो अम्मा, वय झालं,” मी म्हणालो. “सगळ्याची सरमिसळ होते. ती होय? ती लग्न होऊन लांब गेली. पत्ता नाही माझ्याकडे.”

बाईंनी पर्स उघडली. मग त्यांनी आपलं कार्ड माझ्या हातात ठेवलं, कधी कळलंच तर कळवा म्हणाल्या. तेवढ्यात लोकांनी त्यांना वेढलं.

स्कूटीवर पुतणीने विचारलं, “काय म्हणट्ली ती, काका?”

“तब्येत सांभाळा म्हणाली.”

तिने मान हलवली आणि गाडी हळू घेतली, रस्ता खराब आहे म्हणून. मला कंबरेचा त्रास आहे ना. तिच्या पाठीमागे बसून मला स्वतःची इतकी किळस आली की मध्येच उतरून चालत जावंसं वाटलं. उतरलो नाही. घरापर्यंत आरामात आलो.

पुढल्या आठवड्यात शाळेतून फोन आला. बाईंवर एक पुस्तिका काढताहेत, त्यात ‘बालपण आणि शिक्षण’ हा भाग तुम्हीच लिहून द्या. मी तमिळमध्ये लिहायला बसलो तर पेन आपोआप तीच गोष्ट लिहू लागलं. वाक्यंसुद्धा पेपरातलीच. तो कागद फाडला आणि मराठीत लिहायला घेतलं. वडिलांनी लहानपणी देवनागरी गिरवून घेतली होती आणि नंतर पुण्याहून टपालाने येणाऱ्या मासिकांनी ती टिकवली. मराठीत खरं उतरू लागलं. मला वाटलं, ही भाषेची पुण्याई. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की पुण्याई वगैरे काही नाही. आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. पुतणीला बोलता येतं सगळं, वाचता एक अक्षर येत नाही. अशा लिपीत कबुली द्यायला फारसं धैर्य लागत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती माझी औषधं घेऊन आली. टेबलावरचे कागद पाहून म्हणाली, “येवढं काय लिहितां काका? कुणास पत्र?”

“तुझ्याबद्दल आहे,” मी म्हणालो. म्हटलं आणि घाबरलो.

“मजबद्दल?” ती खुर्ची ओढून बसली. “वाचा की मग.”

मी वाचलं. भिंतीवरच्या चित्रापासून देवनागरीच्या ओळीपर्यंत, तुम्ही आत्तापर्यंत वाचलंत ते सगळं. ‘तिरुडी’पाशी मी कागद खाली ठेवला. ती म्हणाली, “वाचा, वाचा, मज ठाऊकच आहे तें.” चित्रातल्या दोन घंट्यांना ती खळखळून हसली. जोडीदारीण मंचावर काय म्हणाली ते आलं तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला. फाटकापाशी आपण उभे असताना आपला काका काय बोलला, हे ऐकताना मात्र ती खिडकीबाहेर बघत होती.

वाचून संपल्यावर मी ते कार्ड तिच्यापुढे ठेवलं. “हा तिचा नंबर. मी सांगतो तिला. शाळेलाही सांगतो. भिंत पुसून घ्यायला लावतो.”

“भिंत राहूं दे. पोरी फोटो काढतात,” ती म्हणाली. कार्ड उचलून तिने दोन्ही बाजूंनी पाहिलं. “तिला मीच फोन करीन. तिचं अक्षर काय सुंदर होतं, नाही?” ती पर्समध्ये कार्ड ठेवू लागली, आणि मला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. इतक्या सहज क्षमा मिळते, याचं नवलही वाटलं.

मग ती म्हणाली, “एक विचारूं, काका? घड्याळजीनं तुम्हांस सांगट्लं, तें मार्क पाठवून झाल्यावर ना?”

या कागदांत मी ‘पुढे’ एवढंच लिहिलंय. पुढे ते घड्याळ दुरुस्तीला गेलं. तिने ते नेमकं हेरलं होतं. आणि उत्तरही तिनेच माझ्या हातात दिलं होतं, मी नुसती मान हलवायची होती.

“आधी,” मी म्हणालो. “आठ दिवस आधी. गुणांचा कागद माझ्या टेबलावरच होता.”

गुण बदलायचे तर हेडमास्तरीणबाईंना सांगावं लागलं असतं की कपाटातल्या सगळ्या वह्यांतले नऊ पूर्णांक आठ खोटे आहेत आणि पोरीचं साडेदहा खरं आहे. वर्गासमोर म्हटलेलं परत घ्यावं लागलं असतं. आठ दिवस मी त्या कागदाकडे बघत होतो. नवव्या दिवशी पाठवून दिला. हे सगळं मी तिला सांगितलं, बहुतेक सांगितलं. ती ऐकत होती का, मला कळलं नाही.

तिने पर्सची चेन लावली.

“मागाहून कळालं असेल, असं मी धरून चालट्लें होतें,” ती म्हणाली. “अप्पा जायच्या आधी त्यांसही तेंच सांगट्लं. काकास ठाऊक नव्हतं हो अप्पा, म्हणून. त्यांस बरं वाटट्लं होतं ऐकून.”